सोमिव्काच्या रस्त्यावरची मासेमारी

सोमिव्का गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे होड्या होत्या, एक शीतगृह होतं, गोदामभर जाळी होती आणि रीतसर निवडून आलेल्या अध्यक्षा होत्या. फक्त पाणी नव्हतं. युद्धात वरच्या अंगाचं धरण फुटलं आणि बघता बघता अख्खा जलाशय वाहून गेला. जिथे मासे पोहायचे तिथे आता पुरुषभर उंचीचं रान माजलं होतं. मात्र जलाशय नाहीसा झाल्याचं राजधानीला कळवायचं काम ज्या कचेरीकडे होतं, ती कचेरीही त्याच पाण्याबरोबर गेली होती. त्यामुळे सरकारदरबारी जलाशय अजून काठोकाठ भरलेला होता. संस्थेला दरसाल किती मासे धरावेत याचा आकडा ठरवून येई, आणि तो पुरा का झाला नाही याची विचारणाही होई.

अध्यक्षा वार्वारा तिमोफीव्हना साठीच्या घरातली, अंगानं भरलेली, तोंडानं फटकळ बाई. मुलगी नातवाला घेऊन परदेशी सुरक्षित होती. घरात उरला होता जावई यारेमा. तो ॲम्ब्युलन्स चालवायचा. सोमिव्काहून तालुक्याच्या इस्पितळाकडे एकच रस्ता होता आणि तो कोरड्या पात्राच्या कडेनं जायचा. पलीकडच्या काठावर शत्रू. तिथून वीतभर ते हातभर लांबीचे ड्रोन उडत येत आणि रस्त्यावर जे हलेल त्यावर आपटत. आपल्या सैन्याकडे ड्रोन पाडणारी क्षेपणास्त्रं होती, पण एका क्षेपणास्त्राच्या किमतीत सोमिव्का गाव देवळासकट विकत घेता आलं असतं. नाकापेक्षा मोती जड. म्हणून क्षेपणास्त्रं मोठ्या शहरांसाठी राखून ठेवली होती आणि सोमिव्काच्या नागरिकांना सावध राहण्याची सूचना दिली होती.

एकदा यारेमा गाडीची पुढची काच गमावून घरी आला, एक शब्द न बोलता बिटाचं सूप, बोर्श्त, दोन वाट्या प्यायला आणि तसाच झोपला. वार्वाराला त्याचं बोलणं चालायचं, गप्प राहणं नाही. तिनं दुसऱ्या दिवशी गोदामाचं कुलूप काढलं, गावातल्या बायाबापड्यांना हाक मारली, आणि दुतर्फा खांब रोवून रस्त्याच्या वर जाळी ताणायला घेतली. इस्पितळापर्यंतचा रस्ता आच्छादला गेला. पहिला ड्रोन जाळ्यात पाती गुरफटून बराच वेळ नुसता भणभणत राहिला. यारेमा खालून शिट्टी वाजवत निघून गेला.

वसंतात मत्स्यसंवर्धन निरीक्षक लुक्यान साविच आले. माणूस प्रामाणिक होता, हीच अडचण होती.

"वार्वारा तिमोफीव्हना, विणीचा हंगाम सुरू झालाय. आता जाळी बाहेर दिसता कामा नयेत."

"ती रस्त्यावर आहेत, लुक्यान साविच. रस्त्यात मासे नाहीत."

"मासे नसतात म्हणूनच तर बंदी घालावी लागते."

"अहो, ती जाळी नसती तर तुम्ही माझ्या दारापर्यंत पोचला नसता."

"तसं मी अहवालात नमूद करीन," निरीक्षक म्हणाले, "पण वेगळ्या परिच्छेदात."

वार्वारानं त्यांच्यापुढे सुके मासे ठेवले. ते धरणफुटीच्या आधीचे असल्याची खात्री करून घेऊन मगच त्यांनी पहिला तुकडा मोडला. मग त्यांनी परिस्थिती समजावून सांगितली. जाळी मासे धरण्यासाठी असतील तर बंदी लागू. ड्रोन धरण्यासाठी असतील तर ते हवाई संरक्षण ठरतं, त्याला संरक्षण खात्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते हाती पडेपर्यंत बहुधा युद्ध संपलेलं असतं.

"त्यापेक्षा मासेमारीच बरी," निरीक्षक विचार करून म्हणाले. "संशोधनासाठी केलेली मासेमारी बंदीतही चालते. पकडलेल्या मालाची जात तेवढी लिहायची."

"कुठली जात लिहू?" दाराशी बूट काढत यारेमानं विचारलं.

"इतर. परक्या पाण्यातून आलेली, उपद्रवी."

परवाना तिथल्या तिथे मिळाला, आणि त्याबरोबर त्याच्या अटीही आल्या. हातभरापेक्षा लहान नग सापडल्यास तो जिवंतपणी, तत्काळ, ज्या दिशेनं आला त्या दिशेला सोडून द्यावा. नगाच्या पोटात काही असल्यास तो विशेष हळुवारपणे सोडावा, म्हणजे पुढची पिढी सुखरूप राहील.

"पोटात असतं हो," वार्वारा म्हणाली. "पण ते बाहेर आलं की आमचीच पुढची पिढी राहत नाही."

"आई, साहेबांनाच म्हणा, पहिला तुम्ही सोडून दाखवा," यारेमा म्हणाला. "आम्ही लांबून शिकतो."

लुक्यान साविचांनी खिडकीबाहेर रस्त्याकडे पाहिलं. त्यांना त्याच रस्त्यानं परत जायचं होतं. शेवटी त्यांनी अटींखाली स्वहस्ते एक ओळ वाढवली: लांबी मोजताना पातीही जमेस धरावीत, आणि ती फिरत आहेत असं समजावं. या हिशेबानं एकही ड्रोन लहान उरला नाही. त्या दुपारी कायदा आणि माणुसकी यांचं सोमिव्कात पहिल्यांदाच जमलं, आणि दोघांच्याही नावानं एकेक पेला रिचवला गेला.

घोळ झाला तो पुढे. संस्था प्रामाणिकपणे दरमहा पकडलेला माल कळवू लागली आणि मासेमारीत सोमिव्काचा नंबर देशात पहिला आला. राजधानीत कुतूहल निर्माण झालं. एवढे मासे जातात कुठे, आणि त्यांना चार-चार पंखे कसे, याचा छडा लावायला नवसंकल्पना विभागाच्या सोलोमियाबाई स्वतः आल्या. तरुण, तडफदार बाई. पायात पांढरे स्वच्छ बूट. जाळ्यांखाली उभं राहून त्यांनी डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला.

"हे जाळं नाही," त्या म्हणाल्या. "ही परवडणाऱ्या हवाई संरक्षणाची लोककेंद्री परिसंस्था आहे. किंमत किती?"

"किंमत कसली? गोदामात कुजत पडलं होतं."

"मग अडचण आहे. किंमत असेल तरच वस्तू परवडते. नसेल तर ती नुसतीच फुकट असते, आणि फुकटच्या वस्तूला निधी मिळत नाही."

"आम्हाला निधी नको, बाई. आम्हाला जाळी राहू द्या."

"राहू देता येणार नाहीत. प्रमाणपत्र नाही ना."

"इतके दिवस चाललं की."

"इतके दिवस आम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय."

सोलोमियाबाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी मार्गही सुचवला. सगळी जाळी चाचणीसाठी राजधानीला पाठवायची, आणि बदल्यात सोमिव्कालाच नव्हे, सबंध जिल्ह्याच्या रस्त्यांना नवी जाळी मिळतील. वार्वारा म्हणाली, एक तुकडा कापून न्या. बाई म्हणाल्या, तुकड्यानं नमुना होतो, पुरावा होत नाही. वार्वारा म्हणाली, मग नवी आधी आणा, जुनी नंतर न्या. बाई म्हणाल्या, असा क्रम आमच्या कार्यपद्धतीत बसत नाही. शेवटी वार्वाराला जिल्ह्यातल्या इतर गावांच्या ॲम्ब्युलन्सा आठवल्या. त्याही कुणाच्या तरी जावयाच्या होत्या. तिनं होकार दिला. ट्रक जाळी घेऊन वळणाआड गेला तेव्हा तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तोही स्वतःचाच.

चाचण्या यशस्वी झाल्या. नव्या जाळ्यांसाठी निविदा निघाली. पहिली बोली इतकी स्वस्त आली की समितीला तिच्या दर्जाविषयी शंका आली. म्हणून अपेक्षा वाढवण्यात आल्या. जाळ्याला कॅमेरे हवेत, सौरदिवे हवेत, जाळ्यात काय सापडलं हे सांगणारं ॲप हवं, आणि अंधांसाठी ते मोठ्यानं वाचून दाखवण्याची सोय हवी. दर चढत चढत क्षेपणास्त्राच्या दराला टेकला, तेव्हा कुठे समितीचा जीव भांड्यात पडला. मग साहजिकच प्रश्न निघाला की इतकी मौल्यवान वस्तू सोमिव्कासारख्या आडगावावर टांगायची का. जाळी मोठ्या शहरांसाठी राखून ठेवण्यात आली आणि सोमिव्काच्या नागरिकांना पुन्हा सावध राहण्याची सूचना गेली.

यारेमा आता उघड्या आभाळाखालून गाडी हाणायचा. घरी आला की वाट्यांवर वाट्या बोर्श्त प्यायचा आणि बोलायचा नाही.

जुनी जाळी परत मागायला वार्वारानं पाचदा अर्ज केला. पाचव्या अर्जाला उत्तर म्हणून आगगाडीचं तिकीट आलं. जाळी युरोपातल्या एका शांत, नीटनेटक्या शहरात प्रदर्शनाला गेली होती आणि त्यांच्या जन्मदात्रीलाही सन्मानानं बोलावलं होतं. दालनाच्या छताला, कॉफीच्या टेबलांच्या बरोबर वर, सोमिव्काचा रस्ता टांगलेला होता. खाली पाटी होती: प्रत्यक्ष युद्धात वापरलेलं. प्रदर्शन सुरू झाल्यापासून त्या दालनात एकही ड्रोन शिरला नव्हता, आणि आयोजकांनी हे पत्रकात ठळक छापलं होतं.

वार्वाराला भरतकाम केलेला सदरा घालून जाळ्याखाली उभं केलं. भोवती माणसं जमली. चांगली, शिकलेली माणसं. युद्धाच्या बातम्या न चुकता वाचणारी, वाचून हळहळणारी, आणि एवढ्या दुःखातही ही साधी माणसं किती हिकमती असतात याचं मनापासून कौतुक वाटणारी. कपातली कॉफी सांडू न देता प्रत्येकानं तिच्याशी हात मिळवला.

एका सभ्य गृहस्थांनी दुभाष्यामार्फत हळूच विचारलं, "आजी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

वार्वारानं मान वर केली. तिच्या गावच्या बायकांनी मारलेल्या गाठी तिला ओळखू आल्या. सोमिव्कात ही यारेमाची दुपारची फेरी सुरू होण्याची वेळ होती.

"इथं कसली भीती?" ती म्हणाली. "जाळं इथंच आहे ना."

दुभाष्यानं शब्द न् शब्द सांगितला. बाई मोठी मिश्कील आहे, असं सगळ्यांचं मत पडलं, आणि सगळे मनमोकळेपणानं हसले. ही गोष्ट वाचत आपणही हसतच इथवर आलो.