भावी डॉक्टरांचं छप्पर

अन्याय आरती माने हिच्यावर झाला. कधी, तर यंदाच्या जानेवारीत, तिच्या वाढदिवशी, सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला. कुणी केला, तर तिच्या सख्ख्या वडिलांनी. वडूजच्या चौकात सुभाषरावांचं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानाच्या छपरावर त्यांनी लेकीचा फ्लेक्स चढवला : 'भावी डॉक्टर कु. आरती सुभाष माने हिला वाढदिवसाच्या आणि नीट परीक्षेतील घवघवीत यशाच्या हार्दिक शुभेच्छा.' परीक्षा मे महिन्यात होती. यश जानेवारीतच छापून आलं होतं.

आता रामूआप्पा. आमच्या गावात भावी डॉक्टरांचे फ्लेक्स उतरवणारा हा एकच माणूस. घरची मूळची मेंढरं, स्वतः मिलिटरीत ट्रक चालवून रिटायर झालेले, आता थोड्या शेळ्या आणि भरपूर मतं. डोक्याला पटका आणि अंगात मिलिटरीचा स्वेटर, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. परीक्षांचा हंगाम आला की आप्पा खांद्यावर शिडी घेऊन निघतात. खांबावर, लिंबाच्या झाडावर, शाळेच्या कुंपणावर, जिथं 'भावी' दिसेल तिथं शिडी लागते. आधी फोटोतल्या पोराला कडक सॅल्यूट. मग दोऱ्या सोडायच्या, कापायच्या नाहीत. मग फ्लेक्सची गुंडाळी करायची. घडी घालायची नाही.

"पोराच्या तोंडाव घडी पडाय नगं," म्हणतात.

कुणी अडवलं, तर ठरलेलं एक वाक्य : "पेरायच्या आदी खळं सारवू नगा." यावर वाद घालणारा माणूस अजून खटाव तालुक्यात जन्माला यायचाय.

उतरवलेले फ्लेक्स आप्पांच्या शेळ्यांच्या छपरावर जातात. पांढरी बाजू आभाळाकडं, छापील बाजू खाली. त्यामुळं आप्पांच्या शेळ्या रोज दुपारी भावी डॉक्टर, भावी इंजिनिअर आणि एका भावी कलेक्टरकडं बघत निवांत रवंथ करत असतात. गावात या मुलांकडं इतक्या शांतपणे बघणारं दुसरं कुणी नाही.

मी विद्यार्थी संघटनेचं काम करते. आरती माझ्याकडं आली. नीटची तिची ही दुसरी खेप. अभ्यासिकेत जायचं तर चौक ओलांडावा लागतो, आणि चौकात चहावाल्यापासून वडापच्या जीपच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे विचारतात, "काय डॉक्टरीणबाई, टेस्टला किती पडलं?" म्हणून ती मागून, ओढ्याकडच्या वाटेनं वळसा घालून जायला लागली होती.

"ताई, पुस्तक उघडलं की मला माझंच तोंड दिसतं, छपरावरचं," ती म्हणाली. "मी परीक्षेला बसणारच नाही. पप्पांना सांगायची तेवढी हिंमत होईना."

माझं डोकं फिरलं. आमच्याकडं डोकं फिरलं की पत्रक निघतं. 'पालकांनो, तुमची प्रतिष्ठा मुलांच्या पाठीवरून उतरवा' असं जाड टाइपात छापलं आणि पहिलं पत्रक स्वतः सुभाषरावांच्या हातात दिलं. त्यांनी काउंटरवर रेलून ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मान डोलावली. "बरोबर लिवलंय. लय दाब टाकत्यात काय काय लोकं पोरांवर," म्हणाले, आणि पत्रक काउंटरच्या काचेखाली सरकवलं, गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून. वर छपरावर त्यांची लेक हात जोडून हसत होती.

मी तशीच आप्पांकडं गेले. म्हटलं, शिडी काढा.

"त्या छपराव न्हाई चढायचं," आप्पा म्हणाले. "खांब गावाचा असतोय. छप्पर त्याचं हाय. ती चोरी हुईल."

"मग पोरीनं काय करायचं?"

त्यांनी आधी शेळीच्या पायातला काटा काढला. मग म्हणाले, "सुभाषला साखर निघालीया म्हणं. वजन उतरव म्हनलाय डॉक्टर. तुजी पत्रकं छापतोय त्याच्याकडं फ्लेक्स हुतो का गं?"

दोन दिवसांनी सुभाषरावांच्या दुकानासमोर, चहावाल्याच्या रीतसर परवानगीनं, एक फ्लेक्स लागला. फुलांची चौकट, मधोमध सुभाषरावांचा कुठल्याशा लग्नातला जिलेबी खातानाचा फोटो, आणि मजकूर : 'भावी सडपातळ मा. श्री. सुभाषराव माने यांना वजन उतरविण्यातील घवघवीत यशाच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ.'

त्यात एक शब्दही वाईट नव्हता. मी एवढी पत्रकं लिहिली, पण असा मजकूर मला उभ्या जन्मात सुचला नसता. चौकात उभं राहून मी तो वाचत होते आणि मला कीर्तनात बसल्यासारखं वाटत होतं.

त्या आठवड्यातच सुभाषराव आप्पांच्या दारात आले. मी तिथंच होते.

"आप्पा, ह्यो काय चावटपणा?"

"चावटपणा कसला? शुभेच्छा हायत्या. तुज्या बापाच्या वयाचा हाय मी, कौतुक करू नगं व्हय?"

"आवं, आख्खं गाव इचारतंय, सुभाषराव किती उतरलं? काल च्या पीत हुतो, तर बाकड्यावरनं एकजण म्हनतोय, साखर टाकली का रं त्यात?"

"काळजीनंच इचारत्यात गड्या."

"काळजी न्हवं ती. वजन उतराय पायजे तर भीतीनं आणि चार घास जास्तच जात्यात. दुकानात सुदीक ओढ्याच्या वाटंनं जातोय मी."

"एकटाच?"

सुभाषराव शेळ्यांकडं बघत राहिले. त्यांना वर, छपराच्या आतल्या बाजूला, कुणाकुणाची पोरं दिसत असणार.

"न्हाई," ते म्हणाले. "आज आरती गाठ पडली तितं. म्हनली, पप्पा, तुमी हिकडनं? मी म्हनलं, चौकात ऊन लय लागतंय गं. तर म्हनली, व्हय, मला बी."

"मग?"

"मग काय. दोगं बी चाललो गपचिप. अभ्यासिकेपतोर." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "परीक्षेचं नाव काढलं न्हाई मी. तिनं बी न्हाई. शिडी द्या."

आप्पांनी भिंतीला टेकलेली शिडी स्वतः उचलून त्यांच्या खांद्यावर दिली. "दोऱ्या कापू नगंस. आन् घडी घालू नगंस."

त्या संध्याकाळी बाप आणि लेक दोघंही गुंडाळी होऊन आप्पांच्या अंगणात आले. आरती मेमध्ये परीक्षेला बसली, चौकातून चालत जाऊन. सुभाषराव सोबत होते आणि वाटेत ते फक्त पाण्याच्या बाटलीविषयी बोलले. निकाल काय लागला ते मी लिहिणार नाही. तो प्रश्न तुमच्या ओठावर आला असेल, तर तुम्हीही त्या चौकातलेच.

पावसाच्या आधी आप्पांना ते दोन फ्लेक्स छपरावर अंथरायला मी मदत केली. काम झाल्यावर दमून त्यांच्या खाटेवर आडवी झाले. शेळ्यांच्या छपराखालीच, कडेला, त्यांची खाट असते. त्यांच्याशिवाय तिच्यावर कुणी टेकत नाही. वर नजर गेली. बरोब्बर डोक्यावर एका पोराचा चेहरा होता. रंग पार उडालेला, कोवळी मिशी, शाळेचा पांढरा शर्ट. बाकी साऱ्या फ्लेक्सवर मजकूर होता. याच्यावर नव्हता. चेहरा तेवढा ठेवून भोवतालची अक्षरं कात्रीनं कापून काढली होती आणि कडा पोत्याच्या सुतळीनं शिवून घेतल्या होत्या.

"इजय," आप्पा खाली बघत म्हणाले. "माजा थोरला."

"तो फ्लेक्स कुणी लावला होता?"

"मीच की. रिटायर हुन आल्तो. मिलिटरीत डॉक्टर बगितलं हुतं, त्यास्नी आमी सॅल्यूट मारायचो. म्हनलं, आपल्या पोराला बी कुणीतरी मारंल."

विजयचा मेडिकलला नंबर लागला नाही. तो एका खानापूरच्या माणसाबरोबर कोइम्बतूरला गलाईच्या दुकानात गेला, सोनं वितळवून शुद्ध करायच्या कामाला. आपल्याकडची कितीतरी पोरं जातात तशी. फोन नेमानं येतो. औषधाचं विचारतो, शेळ्यांचं विचारतो. गावाला येत नाही.

"म्या म्हनलं, फ्लेक्स कवाच काडला रं. तर म्हनतोय, आप्पा, यष्टीतनं उतरलं की चौक लागतोय." त्यांनी स्वेटरच्या बाहीनं शिडीची पायरी पुसली. ती स्वच्छच होती. "तवापास्नं रोज सकाळी उठलो की पयला त्यालाच मारतो, सॅल्यूट."

मी उठून उभी राहिले. खाटेवर पुन्हा टेकायचं धाडस झालं नाही.

तर वाचणाऱ्यांनो, माझी मागणी साधी आहे, आणि ती आजच पुरी होण्यासारखी आहे. तुमच्या चौकात, तुमच्या छपरावर कुणाचं पोर टांगलेलं असेल तर उतरवा. शिडी नसेल तर आप्पांकडं मिळेल. आणि तुमच्यापैकी कुणी कोइम्बतूरकडं असाल, गलाईच्या भट्टीपाशी खटावकडचा विजय नावाचा माणूस भेटला, तर त्याला काहीएक न विचारता एवढंच सांगा : वडूजचा चौक आता मोकळा आहे. घरी ये.