सुकलाल नानांनी कान धरले

एरंडोलच्या आमच्या गल्लीत सकाळी सकाळी एक सत्तरीचे गृहस्थ स्वतःच्याच ओट्यावर स्वतःचेच कान धरून उभे दिसले, तर घाबरू नका. ते आमचे सुकलाल नाना. त्यांचा तेलुगूचा तास चालू असतो.

नानांनी अख्खी हयात शाळेत मराठी शिकवलं. मीही त्यांच्याच हाताखालून गेले आणि आता समोरच राहते, म्हणजे सुटका नाही. "परत म्हण" हे त्यांचं ब्रीद. कविता अडखळली, परत म्हण. पाणी प्यायला जाऊ का हे तोंडातल्या तोंडात विचारलं, परत म्हण. तरी चुकलं की कान धरून उभं राहायचं. सरपंच झालेली पोरंसुद्धा आज त्यांच्या ओट्यापुढून जाताना मोटारसायकल हळू करतात.

तर असा माणूस गेल्या वर्षी सुनेपुढे पाटी घेऊन बसला. लावण्या तेलंगणाची. नानांच्या मुलाशी तिने आपल्या पसंतीने लग्न केलं आणि तिच्या वडिलांनी तिचं नाव टाकलं. फोनसुद्धा उचलत नाहीत. पोरगी मात्र वर्षभरात आमच्यासारखी बोलायला लागली. मग नानांना तेलुगू कशाला हवी? अक्का, म्हणजे नानांच्या मंडळी, सगळं गाव हसतं म्हणून कपाळावर हात मारायच्या. "यास्ले म्हतारपनमा काय सुचनं शे कोन जाने. बठ्ठं गाव हासस."

मला अंदाज होता. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या, कडुनिंबाला झोके बांधले गेले. आमच्याकडे आखाजीला लेक आपली आपण येत नाही. भाऊ नाहीतर बाप मुराळी होऊन तिच्या दारात जातो आणि मानाने घेऊन येतो. लावण्या ओट्यावरून हे सगळं बघत होती. हसत मला म्हणाली, "ताई, माझा मुराळी वाट चुकला वाटतं." मीही हसले. नाना मागे पेपर वाचत बसले होते, ते हसले नाहीत.

मास्तरीण खमकी निघाली. सासऱ्याचीच छडी सासऱ्यावर. "नाना, परत म्हणा." नाना परत म्हणायचे. तरी चुकलं की आपणहून ओट्यावर जाऊन कान धरायचे. मी म्हटलं, "नाना, या वयात तरी सूट घ्या." तर म्हणाले, "पोरांना कान धरायला लावले, माझे काय सोन्याचे आहेत?" मला या माणसाचं भारी कौतुक वाटतं. मी स्कूटी शिकले ती गल्लीत कोणी नसताना, आणि हे सगळ्यांच्या देखत चुकत होते.

यंदा आखाजीच्या सकाळी नाना मागच्या दाराने माझ्या घरात आले. पांढरा सदरा, नवी टोपी, हातात साडीची पिशवी.

"आजचा दिवस तुझं घर तिला माहेर म्हणून दे," ते म्हणाले. "माझ्याच घरून न्यायचं आणि माझ्याच घरी आणायचं, हे काही बरं दिसत नाही."

मी म्हटलं, पुरण शिजतंच आहे, घेऊन या.

मग नाना गल्ली ओलांडून स्वतःच्याच दारापुढे उभे राहिले आणि पाहुण्यासारखी कडी वाजवली. मी माझ्या ओट्यावरून बघत होते. लावण्याने दार उघडलं. नानांनी घसा खाकरला.

"निन्नु तीसुकेळ्ळडानिकि वच्चानु, तल्ली."

तुला न्यायला आलोय, माय. तिकडे बाप लेकीला लाडाने तल्ली म्हणतो. शब्द तिनेच शिकवलेले, वाक्य मात्र नानांनी एकट्याने जुळवलेलं.

लावण्या म्हणाली, "नाना, परत म्हणा."

नानांचा चेहरा उतरला. पिशवी खाली ठेवून त्यांनी मुकाट्याने दोन्ही कान धरले. तिने पुढे होऊन त्यांचे हात कानांवरून सोडवले आणि आपल्या हातात घट्ट धरून ठेवले.

"चुकलं नाही, नाना," ती रडत म्हणाली. "परत म्हणा."