निवासी धक्का

डॉक्टरांनी शिडाची बोट घेतली तेव्हा त्यांना पोहता येत नव्हतं, ही गोष्ट त्यांच्याविरुद्ध धरण्याचं कारण नाही. दातांचे डॉक्टर ते. उमेदीची वर्षं लोकांच्या उघड्या तोंडात डोकावण्यात गेली होती, आणि माणसाला कधीतरी क्षितिज पाहावंसं वाटतंच. त्यांनी दवाखाना सहायकावर सोपवला, राहतं घर भाड्याने दिलं, आणि बायकोला व आईला समोर बसवून जाहीर केलं की यापुढे हे कुटुंब मुक्त आहे.

"मी झोपायचं कुठे?" आईने विचारलं.

"बोटीच्या पुढच्या टोकाला. तिथे छान त्रिकोणी पलंग आहे."

"मी त्रिकोणी नाही," आई म्हणाली. पण किल्ल्या भाडेकरूकडे गेल्या होत्या, म्हणून आली.

बोट बंदराच्या निवासी धक्क्याला बांधलेली होती. संसार आत बसेपर्यंत प्रत्येकाच्या कपाळावर टेंगूळ आलं. झोपेत कूस बदलायची तर नवरा-बायकोला आधी वाटाघाटी कराव्या लागत. एकाने चहा ठेवला की दुसऱ्याला संडासाची वाट बंद होई. डॉक्टर याला साधी राहणी म्हणत.

शेजारच्या बोटीवर एक गृहस्थ राहत. विमा कंपनीतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना कप्तान म्हणत. त्यांनी जगप्रदक्षिणेसाठी बोट घेतली त्याला इतका काळ लोटला होता, की तळाला शिंपल्यांची वसाहत झाली होती आणि डोलकाठीवर वेल चढला होता.

"घाई करू नका, डॉक्टर," ते म्हणाले. "समुद्र काय कुठे पळून जातोय? आधी तयारी."

त्या धक्क्यावर सगळेच तयारीत होते. रोज संध्याकाळी चहाबरोबर वादळांची चर्चा होई. ज्यांनी वादळ पाहिलं नव्हतं त्यांची मतं फार ठाम होती, आणि पाहिलेलं कोणीच नव्हतं. डॉक्टर लवकरच त्यात मुरले. दाढी वाढवली. पहिल्या नांगराला पाणी लागलं नव्हतं तरी दुसरा आणला. 'समुद्र आणि मी' या विषयावर गावात त्यांची व्याख्यानं होऊ लागली. बोट चालवण्याचा परवाना कोणीतरी काढणं भाग होतं. पण शिकवणीची आणि वादळचर्चेची वेळ एकच आल्यामुळे त्यांनी बायकोला धाडलं. ती गेली आणि शिकून आली. चर्चेच्या भरात हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

एकदा आईने विचारलं, "ही हलत नाही का रे?"

"आई, हलणं हा शेवटचा टप्पा असतो."

आईने सुनेकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर व्याख्यानाला गेल्यावर सुनेने दोर सोडले, सासूने सुकाणू धरलं, आणि दोघी दीपस्तंभाला वळसा घालून दिवेलागणीच्या आत परत आल्या. सासूचे केस वाऱ्याने पार विस्कटले होते. ते तिने तसेच ठेवले.

रहिवासी समितीने तातडीची सभा बोलावली. बंदराचे अधिकारीही आले.

"कुठे गेला होतात?" त्यांनी विचारलं.

"समुद्रावर," डॉक्टरांची बायको म्हणाली.

"कोणत्या कामासाठी?"

कप्तानांनी समजुतीचा सूर लावला. "वहिनी, बोटी इथे सगळ्यांकडेच आहेत. पण असं आजवर कोणी केलं नाही. आमच्या घरीसुद्धा कालपासून 'आपण कधी निघायचं?' अशी विचारणा सुरू झाली आहे."

अधिकाऱ्यांनी सांगितलं की या धक्क्यावर आजतागायत एकही अपघात झालेला नाही, आणि या लौकिकाला बाधा येईल असं काही कार्यालय चालू देणार नाही. ठराव मांडला गेला: यापुढे ज्याची तयारी पूर्ण झाली असेल त्यानेच बोट सोडावी, आणि ती पूर्ण झाली की नाही हे अनुभवी रहिवाशांनी, म्हणजे जे धक्क्यावर सर्वांत जास्त काळ आहेत त्यांनी, ठरवावं.

हात वर झाले. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, मग कप्तानांकडे पाहिलं. मग हळूच, कोपरातून वाकलेला, त्यांचाही हात वर गेला. आई म्हणाली, "नीट वर कर. लाज वाटतेय असं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी पाणी भरून घेतलं आणि डॉक्टरांचे कपडे घडी करून धक्क्यावर ठेवले.

"येतोस?" बायकोने विचारलं. ती खरंच थांबली होती. दोर हातात होता.

"आज वारा बरोबर वाटत नाही."

"वारा चांगला आहे."

"गुरुवारी व्याख्यान आहे गं," डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंच होतं.

शीड दिसेनासं होईपर्यंत ते उभे राहिले. मग कप्तानांनी चहाला हाक मारली, आणि ते गेले.

हल्ली ते कप्तानांच्या बोटीवर राहतात. समितीचे चिटणीस आहेत. 'समुद्र आणि मी' या व्याख्यानात एकट्या माणसाच्या दुःखाचा भाग वाढल्यापासून गर्दी दुप्पट होते. दोघींची खुशाली अधूनमधून कळते. दर वेळी वेगळ्याच बंदरातून.

धक्क्यावर डॉक्टरांच्या बोटीची जागा मात्र रिकामी आहे. समितीला या वेळी धोका पत्करायचा नाही. समुद्रावर जायचं ज्याच्या मनात पुष्कळ वर्षं आहे, त्याविषयी जो आवडीने वाचतो, आणि वाचून झाल्यावर जागचा उठत नाही, असा भरवशाचा माणूस त्यांना हवा आहे. तुम्ही इथपर्यंत बसून वाचलंत. जागा तुमचीच समजा.