परवानगीचा संडास

अर्ज केल्याशिवाय काही करायचं नाही, या एका सवयीपायी जयवंत परबाने आपल्या आईचे हाल हाल केले. तो पोस्टात कारकून होता. चौऱ्याऐंशी साली, भांडुपच्या टेकडीवर राहूनही, त्याचा नियमांवर विश्वास होता.

सार्वजनिक संडास टेकडीच्या पायथ्याशी. आईचे, रुक्मिणीबाईंचे, गुडघे धरल्यापासून डबा घेऊन खाली जायला वीस मिनिटं आणि वर यायला अर्धा तास लागे. रांग असली की म्हातारीच्या डोळ्यांत पाणी यायचं. शेजारच्या लुईस गवंड्याने दिवाळीत कचेऱ्या बंद असताना स्वतःच्या घराला गुपचूप संडास चिकटवून टाकला होता. "तुझापण उरकून टाकतो," तो म्हणाला. जयवंताने नकाराची मान हलवली आणि पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात तीन प्रतींत अर्ज केला.

वॉर्ड ऑफिसचा नियम असा, की नकाशा मंजूर व्हायचा तर जमीन बिनशेती असल्याचा तहसीलदारांचा दाखला हवा. तहसीलदार कचेरीत राज्याचा कायदा चाले, आणि तिथल्या दप्तरात त्या टेकडीवर अजून नाचणी पिकत होती. शेतात घर आलं कुठून, असं तिथल्या कारकुनाने विचारलं. आधी घर आहे असं पालिकेकडून लिहून आणा म्हणाला. पालिका घरपट्टी बिनबोभाट घेत होती, पण घर आहे असं लिहून द्यायला तिला तहसीलदारांचा दाखला हवा होता. हेलपाटे घालता घालता अकरा महिने गेले. जयवंताला जेवण गोड लागेना.

बाराव्या महिन्यात पालिकेची नोटीस आली. विनापरवाना बांधलेला संडास सात दिवसांत पाडावा. जयवंत धावत वॉर्ड ऑफिसचे इन्स्पेक्टर अंबादास यांच्यापुढे उभा राहिला.

"साहेब, मी बांधलेलाच नाही."

"परवानगी मिळाली नाही ना? मग बांधला असणार. सगळे बांधतात."

"मग बाकीच्यांना नोटीस का नाही?"

"त्यांचा अर्ज कुठाय आमच्याकडे?"

त्या दिवशी जयवंताने घरी येऊन नोटीस फळीवर ठेवली. बायको वनमालाने नोटीस दोनदा वाचली.

"अहो, पाडायला येणारच आहेत, तर बांधून तरी टाका. आईंना चार दिवस सुख."

लुईसने दोन दिवसांत संडास उभा केला. आतून कडी लावताना रुक्मिणीबाईंना कोण आनंद! पण वापराच्या पाचव्या दिवशी, मुदत भरताच, पालिकेची माणसं घण घेऊन आली, आणि त्यांच्या पाठोपाठ तलाठी तहसीलदारांचा हुकूम घेऊन आला. जयवंताच्या अर्जावरून चौकशी लागली होती. ती संपेपर्यंत या शेतजमिनीवरचं घर व संडास जैसे थे ठेवावं, एक वीट हलवू नये. पालिकेची माणसं घण खांद्यावर टाकून निघून गेली. जयवंताने देवाला हात जोडले. हात खाली येईपर्यंत तलाठ्याने संडासाला कुलूप लावून वर लाखेचं सील ठोकलं होतं. जैसे थे म्हणजे वापरसुद्धा नाही, असं त्याने समजावून सांगितलं. चौकशीला पाच-सात वर्षं लागतील, हेही सांगितलं.

पंधरवड्याने पालिकेचं पाकीट आलं. तहसीलदारांच्या हुकमात 'घर' असा शब्द आल्यामुळे पालिकेला आता घर मान्य होतं. संडासाला परवानगी मंजूर. अट एकच: काम सुरू करताना त्या जागेवर कोणतंही बांधकाम असता कामा नये.

जयवंताने अट चारदा वाचली. एका कागदाने वीट हलवायला बंदी होती, आणि दुसऱ्याला तिथे वीटच नको होती. रुक्मिणीबाई दाराशी येऊन उभ्या होत्या.

"काय लिवलानी रे?"

"परवानगी आली, आई."

"बरा झाला," त्या म्हणाल्या. "मगे कुलूप काढ."

 जयवंताने परवानगीची घडी करून खिशात ठेवली, आईचा डबा उचलला, तिचा दंड धरला आणि दोघं हळूहळू उतार उतरू लागली.