मुकादमाचं पार्सल

मी पॅक केलेली वस्तू फुटत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, आमच्या कारखान्यात कुणालाही विचारा. दिव्यांच्या काचा बनवतो आम्ही. गोल, लांबट, कळीच्या आकाराच्या, आणि सगळ्या इतक्या नाजूक की जोरात शिंकायचीही भीती वाटावी. एकोणीस वर्षं मी पॅकिंग खात्यात आहे, त्यातली सात खात्याची प्रमुख म्हणून. माझ्या हातचं खोकं जिन्यावरून गडगडत गेलं तरी आतली काच झोपमोड झाल्याची तक्रार करत नाही.

तेव्हा एक बोका डॉक्टरांपर्यंत नेणं म्हणजे माझ्या दृष्टीने काहीच नव्हतं. वजन साडेचार किलो, आकार अनियमित, कोपरे चार, त्यातला एक दुखावलेला. बस्स!

बोक्याचं नाव मुकादम. तो आमचा नव्हे. तो कुणाचाच नव्हे. आमच्या मागच्या भिंतीवर बसून तो गल्लीतल्या सगळ्यांची कामं नीट चालली आहेत की नाही हे बघतो, म्हणून माझ्या सासऱ्यांनी त्याचं हे नाव ठेवलं. सासरे, म्हणजे आमचे बाबा, तसे अबोल. घरात दिवसाला सहा-सात शब्द बोलतात, त्यातले दोन ‘चहा झाला?’ हे असतात. पण सकाळी कप घेऊन ते मागच्या पायरीवर बसले आणि मुकादम भिंतीवरून खाली उतरला की त्यांची कुजबुज सुरू होते ती तासभर संपत नाही. काय बोलतात हे आम्हाला कधी कळलेलं नाही. आम्ही खिडकीजवळ गेलो की दोघंही गप्प होतात.

तर हा मुकादम दोन दिवस दिसला नाही आणि तिसऱ्या दिवशी तीन पायांवर आला. पुढचा उजवा पंजा सुजून टम्म झाला होता. बाबांनी त्या दिवशी चहाला हात लावला नाही. मी डॉक्टरबाईंना फोन केला.

“आजच आणा,” त्या म्हणाल्या. “सूज वर चढली तर पंजा ठेवता येणार नाही. मी अकरा ते एक आहे. एकला गाईगुरांच्या लसीकरणाला निघते, ती चार दिवसांनी परत येईन.”

“आणू कशात?”

“खोकं चालेल. हवेसाठी भोकं पाडा आणि वरून कापड टाका. अंधारात मांजर शांत राहतं.”

खोकं! माझ्यासारख्या बाईला कुणी खोक्याबद्दल सांगावं? नवरा पहाटेच कामावर गेला होता आणि मला आठची पाळी होती. रजा मिळणार नव्हती, कारण एका दिव्यांच्या दुकानाची मोठी ऑर्डर त्याच दिवशी जायची होती. पण दवाखाना कारखान्याच्या मागे दुसऱ्याच गल्लीत. मी योजना आखली. मुकादमाला घरीच पॅक करायचं, कारखान्यात न्यायचं, बाराच्या सुट्टीत दवाखाना गाठायचा. बाबा बसने थेट तिथे येणार.

बाबांनी त्याला अख्खा मासा खाऊ घातला आणि तो पेंगायला लागल्यावर उचलून माझ्या हातात दिला. मी पाच पदरी खोकं घेतलं. खाली कागदाच्या कातरणाची गादी, चारी बाजूंनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या, दुखऱ्या पायापाशी कापसाची वेगळी उशी. अठरा भोकं पाडली. मग टेप लावली आणि सवयीने ‘काच, सांभाळून’चा शिक्काही मारला. शेवटी खोकं हलकेच हलवून कान लावला. आतून आवाज आला नाही तर पॅकिंग उत्तम, असा आमच्याकडे नियम आहे. आवाज आला. तो मी इथे लिहू शकत नाही, पण मुकादम माझ्याबद्दल काय म्हणाला हे मला समजलं.

“दुखलं का त्याला?” बाबांनी विचारलं.

“नाही हो बाबा. माझं पॅकिंग आहे.”

कारखान्यात पोचेपर्यंत तो गाढ झोपला होता. माझ्या टेबलाच्या उजव्या टोकाला खिडकीतून ऊन येतं, म्हणून मी खोकं डाव्या टोकाला ठेवलं आणि वर माझा निळा टॉवेल टाकला. मग दुकानाच्या ऑर्डरमधला शेवटचा नग हातात घेतला. भला मोठा काचेचा गोळा, पितळी साखळीसकट. तो बांधून उजवीकडे ठेवला, दुकानाचं लेबल लिहिलं, आणि ते चिकटवणार एवढ्यात मॅनेजरांनी बोलावलं.

आता इथे मला माझ्याच एका नियमाबद्दल सांगावं लागेल. माझ्या टेबलाच्या डाव्या टोकाला जे असेल ते तयार, आणि ते उचलताना मला काहीही विचारायचं नाही. हा नियम मीच केला. आमचा टेम्पोवाला पूर्वी दर खोक्यामागे ‘बाई, हे नेऊ का? बाई, हे झालं का?’ असं विचारायचा. एकदा मी सगळ्यांसमोर त्याला फैलावर घेतलं. तेव्हापासून तो विचारत नाही.

त्या दिवशीही त्याने विचारलं नाही. डावीकडे खोकं, खोक्यावर शिक्का, टेबलावर लेबल. त्याने लेबल चिकटवलं आणि खोकं उचललं. माझा टॉवेल त्याने व्यवस्थित घडी मोडून दुसऱ्या खोक्यावर पसरला, धूळ बसू नये म्हणून. गुणी माणूस आहे तो, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी परत आले तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. टेबलावर एकच खोकं, वर निळा टॉवेल. कुणीतरी उन्हात सरकवून ठेवलेलं दिसलं म्हणून मी जरा चिडलेही. उचललं आणि निघाले. वजन तेवढंच, आतून हूं की चूं नाही. वाटेत मी त्याला दोनदा ‘शहाणं गं माझं बाळ’ असंही म्हणाले.

दवाखान्यात आमच्या पुढे दोन नंबर होते, मागे एक गृहस्थ कासव घेऊन बसले होते.

“काय आणलंय?” त्यांनी विचारलं.

“बोका.”

“फारच शांत आहे हो,” ते कौतुकाने म्हणाले. कासववाल्या माणसाने असं म्हणावं म्हणजे काय ते समजा.

“पॅकिंग चांगलं असलं की शांतच राहतात,” मी सांगितलं.

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी खोकं मांडीवर घेतलं, टॉवेलखाली हात घातला आणि पुठ्ठ्यावर बोटं ठेवून कुजबुजायला लागले. मी भिंतीवरचा जंतांचा तक्ता वाचत असल्याचं दाखवलं. खरं म्हणजे कान त्यांच्याकडेच होते.

“घाबरू नकोस,” ते म्हणत होते. “दवाखान्याला मीही घाबरतो, तुला ठाऊकच आहे. तू दोन दिवस नव्हतास तर मी पायरीवर बसून राहिलो. कुणाशी काय बोलायचं? पोरं आपापल्या घाईत असतात. चांगली आहेत, पण घाईत असतात. आता काळजी नाही. सूनबाई बोलते फार, पण हाताची पक्की आहे. तिने तुला बांधलंय म्हणजे तुझं काही वाईट होणार नाही.”

लग्नाला सोळा वर्षं झाली, बाबांच्या तोंडून माझं कौतुक मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या क्षणी मला वाटलं, या बोक्याचा पंजा वाचलाच पाहिजे, मग काहीही होवो.

आमचा नंबर लागला. डॉक्टरबाईंना माझी टेप कापायला चार मिनिटं लागली. मग त्यांनी कातरण बाजूला केलं आणि थांबल्या.

“सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “पण याचं मी काय करू?”

टेबलावर काचेचा गोळा होता. पितळी साखळीसकट. एक ओरखडासुद्धा नव्हता.

बाबा त्या गोळ्याकडे बघत राहिले. इतका वेळ आपण आपलं मन कुणापाशी मोकळं करत होतो, हे त्यांच्या लक्षात येत होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फक्त विचारलं, “तो कुठंय?”

भिंतीवरच्या घड्याळात बारा पंचवीस झाले होते. मी टेम्पोवाल्याला फोन लावला.

“डावीकडचं खोकं? ते तर पोचवलं, बाई. अर्धा तास झाला.”

“अरे, त्याला भोकं होती!”

“होती की. मला वाटलं नवीन पद्धत असेल. विचारायचं नाही म्हणून विचारलं नाही.”

मग मी दुकानात फोन लावला. बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला आणि अगदी दबक्या आवाजात म्हणालं, “हळू बोला.”

“मी कारखान्यातून बोलतेय. आमचं एक खोकं तुमच्याकडे—”

“हळू बोला म्हटलं ना. उघडलं आम्ही ते. आतलं बाहेर आलंय. सध्या ते शोकेसमध्ये आहे. त्याच्या चारी बाजूंना तीनशे काचेचे दिवे आहेत. आम्ही वीस मिनिटं कुणीही हललेलो नाही.”

“तसेच थांबा,” मी म्हणाले.

“दुसरं काय करणार?”

डॉक्टरबाईंनी घड्याळ बघितलं, बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बॅग उचलली. दुकान त्यांच्या वाटेवरच होतं. “पंधरा मिनिटं देते,” त्या म्हणाल्या. “त्याहून एक मिनिट जास्त नाही.” कासववाल्या गृहस्थांची क्षमा मागितली तर ते म्हणाले, “आमची फक्त नखं कापायची होती. आम्हाला कधीच घाई नसते.” डॉक्टरबाईंच्या गाडीत बाबा पुढे वाकून रस्ता बघत होते. मी गोळा मांडीवर धरून बसले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा काच फुटली काय न फुटली काय, मला काही वाटत नव्हतं.

दुकानात शिरलो तर जो तो जिथल्या तिथे. एक विक्रेता शिडीवर, हातात बल्ब. एक गिऱ्हाईक पाकीट अर्धं उघडून उभं. मालक गल्ल्यामागे, फोन अजून कानालाच. आणि मुकादम शोकेसच्या खालच्या फळीवर, एका पेटत्या टेबललॅम्पच्या उबेत, दुखरा पंजा चाटत त्या सगळ्यांवर देखरेख करत होता.

बाबांनी बूट काढले. दिव्यांमधून वाट काढत, पाय अलगद टाकत ते फळीपाशी गेले आणि हात पुढे करून म्हणाले, “मुकादम, चला.”

मुकादम उठला. शेपटी एका लांबट दिव्याला घासत गेली, दिवा डुलला, मालकाने डोळे मिटले. दिवा स्थिर झाला तेव्हा बोका बाबांच्या खांद्यावर होता. शिडीवरच्या विक्रेत्याने एकदाचा श्वास सोडला.

डॉक्टरबाईंनी गल्ल्यावरच कागद पसरला. “उजेड लागेल,” त्या म्हणाल्या, आणि मालकाचा चेहरा खुलला. “पिवळा देऊ की पांढरा?” त्याने चौदा दिवे एकदम लावले. इतक्या झगझगाटात आजवर कुणाचं ऑपरेशन झालं नसेल. बाबांनी मुकादमाला छातीशी धरलं, त्याच्या कानात काहीतरी सांगत राहिले. डॉक्टरबाईंनी सुई टोचली, थोडं थांबल्या, चिमट्याने पंजातून काहीतरी खेचून काढलं आणि जखम धुतली. मग पट्टी बांधताना म्हणाल्या, “हाड शाबूत आहे. पंजा वाचला. उद्यापर्यंत मात्र राहिला नसता. दहा दिवस घराबाहेर सोडायचं नाही.”

बाबांनी मान हलवली. मला वाटतं ते रडत होते, पण चौदा दिव्यांच्या उजेडात कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं असतं.

चिमट्यात तांदळाएवढी काचेची कपची होती. मालकाने ती दिव्यासमोर धरली. “दुधी काच, हिरवट कड,” तो म्हणाला. “ही तर तुमच्याच कारखान्याची, बाई. दुसरीकडे कुठे अशी होत नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गोळ्याची साखळी पुसायला घेतली.

आता तुम्हाला सांगून टाकते, कारण तुम्ही कारखान्यात सांगायला जाणार नाही. पंधरा दिवसांपूर्वी मी रंग बिघडलेला एक दिवा घरी आणला होता. स्वतः पॅक केलेला. तो मागच्या पायरीवर माझ्या हातून पडला आणि त्याचे तुकडे तुकडे झाले. घरात कुणी नाही असं बघून मी ते पटकन भिंतीपलीकडे टाकून दिले आणि फुटलाच नाही असं ठरवून टाकलं.

परतीच्या बसमध्ये मुकादम बाबांच्या मांडीवर झोपला होता. ज्याला मी बांधलं होतं म्हणून ते निश्चिंत झाले होते, त्याचा पाय माझ्यामुळेच जायची वेळ आली होती. मला राहवेना.

“बाबा, ती काच मी टाकली होती.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “मी आतल्या खोलीत होतो. आवाज आला होता.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“कुणाला सांगितलं नाही मी. फक्त त्याला सांगितलं.” त्यांनी मुकादमाची पट्टी सारखी केली. मग ओशाळून म्हणाले, “तो बहुतेक तपासायला गेला असेल.”

बसमधल्या लोकांनी वळून बघेपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीपलीकडे गुडघ्यांवर बसून एक-एक कपची वेचली. बाबा वरून बोट दाखवत होते.

आता मुकादम घरातच असतो, कपाटावर. पंजाची जखम छान भरतेय. औषधांमुळे त्याला दिवसभर झोप येते, म्हणून संध्याकाळी पायरीवर बाबांच्या शेजारी मी बसते. शहराच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचं काम त्यांनी एकतीस वर्षं केलं, आणि प्रत्येक व्हॉल्व्हची वेगळी हकिकत आहे. सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांनी कुठला व्हॉल्व्ह बंद केला होता हेसुद्धा त्यांनी मला सांगितलं.

काल मी विचारलंच, “बाबा, मी त्याच्याइतकं नीट ऐकते ना हो?”

बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला.

“ऐकतेस,” ते म्हणाले. “पण तो मध्ये बोलत नाही.”