मौनातला मामा

एका शनिवार-रविवारी तोंड बंद ठेवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. माणसं याहून मोठी संकटं हौसेने ओढवून घेतात. कुणी बंगला बांधायला काढतं, कुणी सोसायटीचं सेक्रेटरीपद घेतं. मी फक्त गप्प बसणार होतो. त्यामुळे ज्यांना मी जन्मात पाहिलं नव्हतं अशा माणसांच्या घरचं लग्न अडायची वेळ येईल, हे कुणाला सुचणार?

मी डोंबिवलीत राहतो, एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिस्पॅच क्लार्क आहे आणि मला बोलायला आवडतं. (आमच्या सौभाग्यवतींच्या, म्हणजे जागृतीच्या मते ही शेवटची गोष्ट हाच माझा मुख्य व्यवसाय आहे, नोकरी मी बोलता बोलता करतो.) तर एका सकाळी पोहे खाता खाता मी तिला आमच्या वजनकाट्यावर एका ड्रायव्हरने ट्रक कसा उलटा चढवला त्याची हकिगत सांगत होतो. ती माझ्याकडे बघत होती, मान हलवत होती, योग्य जागी ‘हो का?’ म्हणत होती. मला का कोण जाणे, शंका आली. मी आवाज जराही न बदलता म्हणालो, “आणि मग मी कंपनीच्या गच्चीवरून उडी मारली.”

“बरं केलंस,” जागृती म्हणाली. “चटणी घे.”

मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. लग्नाआधी कल्याणच्या खाडीवर बसून मी संध्याकाळ संध्याकाळ बोलायचो आणि ही पोरगी हनुवटीखाली हात घेऊन ऐकायची. भेळ मऊ पडायची, तरी ऐकायची. ती कुठे गेली?

“बाबा, तू पॉडकास्ट आहेस,” आमची श्रिया म्हणाली. ती कॉलेजात आहे, त्यामुळे तिला सगळं माहीत असतं. “लोक पॉडकास्ट लावतात आणि भांडी घासतात.”

“अरे प्रफुल्ल, ऐकायला आधी शांतता लागते,” जागृती म्हणाली. “तू कधी थांबलास तर मी कधी सुरू करू? दोन दिवस गप्प राहून दाखव. एक शब्द नाही. मग तू म्हणशील ते मी सलग ऐकेन, मध्ये अवाक्षर न काढता.”

“शब्द?”

“शब्द.”

घरात राहून ते जमणार नाही याबद्दल आमचं तिघांचं एकमत होतं. मग श्रियाने मोबाइलवर शोधून घोडबंदर रोडच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला भरणारं एक मौन शिबिर काढलं. योग, ध्यान, विश्रांती आणि मुगाची खिचडी. मी माणकोलीच्या पुलावरून कॅबने गेलो आणि जाताना ड्रायव्हरशी एवढं बोललो की दोन दिवसांचा कोटा तिथेच संपवून टाकला.

शिबिर प्रीतमजी नावाचे गृहस्थ चालवत. पूर्वी ते गाद्या विकायचे, म्हणजे विश्रांती या विषयातला त्यांचा अनुभव जुना होता. त्यांनी आमचे फोन जमा करून घेतले, सगळ्यांना पांढरे कुर्ते-पायजमे दिले आणि घंटा वाजवली. ती वाजली की मौन सुरू. रविवारी दुपारी पुन्हा वाजेल तेव्हा सुटका. खुद्द प्रीतमजीही त्या घंटेपासून गप्प.

शवासन मला पहिल्या फटक्यात जमलं. शेजारच्या बाईंनी कोपराने ढोसलं तेव्हा कळलं की मी घोरत होतो. घोरणं हे बोलण्यात धरतात की नाही, हे विचारायचीही सोय नव्हती. दुपारपर्यंत न बोललेलं सगळं पोटात साचून करपट ढेकर येऊ लागले. नंतर मात्र काहीतरी निवळलं. खाडीवरून वारा येत होता. जुन्या मिठागरांच्या तुकड्यांत पाणी साचलं होतं आणि त्यात पलीकडचे उंच टॉवर उलटे उभे होते, बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांसकट. तिवरांवर बगळे बसलेले. हमरस्त्यावरचा ट्रॅफिक एवढ्या लांबून नुसता गुणगुणल्यासारखा वाटत होता. माझ्या डोक्यात एकही वाक्य नव्हतं आणि ते नसणं मला गोड वाटायला लागलं.

संध्याकाळी मौनविहार होता. एकामागे एक ओळीने चालायचं, मान खाली आणि नजर फक्त पुढच्याच्या टाचांवर. इकडेतिकडे बघायचं नाही. माझ्यापुढच्या टाचा रुंद, शांत, भरवशाच्या होत्या. त्या टाचांच्या वर पांढरा पायजमा होता. मी त्यांच्यामागे चालत राहिलो. पायाखालची माती गेली, डांबर आलं. डांबर गेलं, मऊ मऊ गालिचा आला. कुठूनतरी बायकांचं गाणं येत होतं, झेंडूचा वास येत होता. ध्यान लागलं की असं होतं, असं मी ऐकून होतो. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग टाचा थांबल्या. मी मान वर केली तर त्या टाचा एका केटररच्या होत्या; शिबिराची ओळ रस्त्यावर कधी सुटली, मला कळलंच नव्हतं. तो पातेलं खाली ठेवून निघून गेला आणि मी एका भल्यामोठ्या मांडवाच्या मध्यावर उभा राहिलो. वर रंगीबेरंगी दिवे, बाजूला बेंजो पार्टी, समोर पाटावर हळद लावलेला नवरा मुलगा आणि सगळं गाव माझ्याकडे बघतंय.

“मामा आयले!” एक बाई ओरडली. “अवं ऐकलांव का, मामा आयले!”

बेंजो थांबला. ती बाई म्हणजे नवऱ्याची आई, सगुणाबाई. मागून तिचे यजमान राघोशेठ धावत आले. मिठागरावर मीठ ओढणाऱ्या घराण्यातला हा माणूस, आता अर्ध्या खाडीकाठचा जमीनमालक. गळ्यात बोटभर जाडीची साखळी. त्यांनी माझ्यापुढे चक्क हात जोडले.

“मामा, चूक आमची हाय. साखरपुड्याचा आवतन द्याला आमी जातीनं तुमच्या घरी येवाला पायजे होता. आमी फोनवर उरकला. आता राग सोडा.”

त्यांच्या बोलण्यावरून हळूहळू उलगडा झाला. नवरी मुलगी विठ्ठलवाडीची. तिच्या मामाला साखरपुड्याचं आमंत्रण फोनवर गेलं, म्हणून मामा रुसला. साखरपुड्याला आलाच नाही आणि तेव्हापासून कुणाशी बोलतही नाही. उद्या लग्न. नवरीला हात धरून मांडवात आणायचं ते मामाने. मामाच आला नाही तर नवरी मांडवात येणार कशी? म्हणून राघोशेठनी निरोपावर निरोप पाठवले होते, की हळदीला या, सगळ्या गावासमोर तुमचा मान करतो. मामा येणार, एकटा येणार आणि तोंडातून शब्द काढणार नाही, एवढीच खबर होती. मामाला इथे कुणी पाहिलेलं नव्हतं.

मी एकटा होतो. मी तोंडातून शब्द काढत नव्हतो.

मी जोरजोरात मान हलवली. “मामा काय राग सोडीत नाय,” कुणीतरी म्हणालं. मी हात जोडले. “हात जोरून नको बोलतान.” मी ओठांवर बोट ठेवलं, तर अख्खा मांडव चिडीचूप झाला. आयुष्यात पहिल्यांदाच मी खूण केली आणि माणसं गप्प बसली. आमच्या घरी मिक्सरसुद्धा माझ्या सांगण्याने थांबत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एक वाक्य बोलून टाकायचं. ‘मी तो नव्हे.’ संपलं. ते वाक्य तयार होतं, अगदी दातांच्या मागे येऊन उभं होतं. पण डोळ्यांपुढे जागृती आली, हनुवटीखाली हात घेतलेली. मी ते गिळलं. (सकाळपासून मूग गिळतच होतो, त्यात आणखी एक.)

मग मला मानाच्या खुर्चीवर बसवलं. डोक्यावर कोरी टोपी आली, खांद्यावर कोरा टॉवेल आला. सगुणाबाईंनी माझ्या गालांना हळद लावली, बायकांनी पुन्हा गाणं धरलं, आणि पुढ्यात तांदळाची भाकरी, मटणाचा रस्सा आणि गरम गरम वडे आले. मी खाल्लं. शिबिराच्या नियमांत बोलू नये असं होतं. मटणाचं नाव कुठे नव्हतं.

आणि खरं सांगू का? ती शांती, जिच्यासाठी मी प्रीतमजींच्या सतरंजीवर दिवसभर गुडघे मोडत बसलो होतो, ती मला तिथे भेटली. हळदीचा गारवा गालावर होता. दिवे हलत होते, गाणं एका लयीत जवळ यायचं आणि खाडीकडे निघून जायचं. सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी भुवई उचलली तर चारजण पुढे झुकायचे. मी उसासा टाकला तर राघोशेठ कासावीस व्हायचे. इतकी वर्षं मी बोलत आलो, तेव्हा कुणी माझ्याकडे असं लक्ष दिलं नव्हतं. मी कोण आहे हे मला थोडा वेळ आठवतही नव्हतं आणि त्याची गरजही वाटत नव्हती.

पण सगुणाबाई माझ्या समोर खाली बसल्या. त्यांचे डोळे भरले होते.

“दादा, येक सबूद बोला,” त्या म्हणाल्या. “माझे मधुचा लगीन हाय. येकुलता येक पोर. तुमी गप रायलांव तं मना रातभर झोप यायची नाय.”

पाटावरचा मधुही माझ्याकडे बघत होता. हळदीने पिवळा झालेला, पण आतून पांढराफटक. म्हटलं, प्रफुल्ल, तुझी बायको आज ना उद्या ऐकेल. नाही ऐकलं तर तुला सवय आहे. या बाईला का रडवतोस? मी तोंड उघडलं.

“आरं, माझा मान घेवून यो कोन बसलाय?”

हे मी बोललो नव्हतो. मांडवाच्या दाराशी पांढऱ्या सफारीतला एक धिप्पाड माणूस उभा होता. तो कधीचा येऊन उभा होता म्हणे. कुणीतरी सामोरं येईल, हात धरून नेईल म्हणून आधी वाट बघितली, मग खाकरून बघितलं. सगळ्यांची पाठ त्याच्याकडे आणि तोंडं माझ्याकडे. शेवटी त्याला राहवलं नाही.

राघोशेठनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं.

“मामा बोलले!” सगुणाबाई किंचाळल्या. “अवं, खरे मामा बोलले!”

एकच जल्लोष झाला. बेंजो सुरू झाला, राघोशेठनी मामाला मिठी मारली. आपण बोलून बसलो हे मामाच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. एकदा तोंडातून गेलं की परत घेता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला त्याची दया आली.

मग सगळे माझ्याकडे वळले. तेवढ्यात मांडवात आणखी एक पांढरा कुर्ता शिरला. प्रीतमजी मला शोधत आले होते. ते माझ्यासमोर उभे राहिले, डोळे मोठे केले, ओठांवर बोट ठेवलं आणि शिबिराच्या दिशेने हात केला.

“आता यो कोनाचा मामा?” मागून कुणीतरी विचारलं.

राघोशेठनी निरखून पाहिलं आणि मांडी थोपटून हसू लागले. “आरं, यो तं आपला भारोत्री! म्हयन्याचा पैसा देवून आपले फार्महाऊसवर न बोलनाऱ्यांचा क्लास चालवतो तो. म्हंजे यो पाव्हना त्याचा होय!”

हसण्याचा असा काही धबधबा कोसळला की खुर्चीसकट मी हललो. मी टोपी काढून खऱ्या मामांपुढे धरली. त्यांनी ती पुन्हा माझ्याच डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, “ऱ्हाव दे. माझे वाटचा तू लय गप बसलास.” प्रीतमजींनाही बळेबळे ताटावर बसवलं. त्यांनी नको म्हणण्याची पुष्कळ इच्छा दाखवली. पण मौनात ती नीट दिसून आली नाही.

रविवारी घंटा वाजली. बाकीचे शिबिरार्थी एकदम बोलायला लागले. मी नाही बोललो. परतीच्या कॅबमध्येही नाही. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट होती आणि तिचा एक तुकडाही मला वाटेत सांडायचा नव्हता.

जागृतीने दार उघडलं. माझे कान अजून पिवळे होते. “एक शब्द बोललो नाही,” मी म्हणालो.

“मग सांग,” ती म्हणाली आणि बाल्कनीतल्या खुर्चीत मांडी घालून बसली.

मी सांगितलं. टाचा सांगितल्या, गालिचा सांगितला, मामाची नक्कल केली, सगुणाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी सांगताना माझाच आवाज कापला. जागृतीने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. भांडी नाहीत, मोबाइल नाही. चेहऱ्यावर बारीकसं हसू. हळूहळू तिने डोळे मिटले. चांगलं गाणं ऐकताना माणूस मिटतो तसे. मला भरून आलं. खाडीवरची ती मुलगी परत आली होती. गोष्ट संपल्यावर मी हळूच विचारलं, “कसं वाटलं?”

“बाबा, शूऽ!” श्रिया दारातून कुजबुजली. “आई ध्यानात आहे. तू गेल्या गेल्या तिने ऑनलाइन कोर्स लावलाय. सगळं झालं तिचं, फक्त शेवटची पायरी राहिलेली. बाजूला अखंड आवाज चालू असताना मन स्थिर ठेवायचं. घरात आवाजच नव्हता ना, म्हणून अडलेली बिचारी.”

जागृतीने एक डोळा उघडला. इतकं प्रसन्न मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

“अरे प्रफुल्ल, थांबलास का?” ती म्हणाली. “बोल ना. आत्ता कुठे लागत होतं.”

मग मी बोलत राहिलो. काय बोललो ते विचारू नका. मीही ऐकत नव्हतो.