आत्यांनी बुजवलेली भोकं

"आठ आकडी गुणाकार? चुटकीसरशी!" इंजिनिअरसाहेबांनी छाती अशी काही फुगवली की शर्टाचं बटणच उडालं. आत्यांनी ते उचललं आणि भाच्याला उभ्या-उभ्याच शिवून दिलं. आत्या तशाच! मोजा असो, पडदा असो, छत्री असो, घरात भोक म्हणून राहू द्यायच्या नाहीत.

घर तरी कसलं म्हणा! बैठकीची खोली साहेबांनी बनवलेल्या गणकयंत्रानं गिळली होती. भिंतभर दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह लालबुंद पेटलेले, जिकडेतिकडे वायरी, आणि भर हिवाळ्यात भट्टीसारखी धग. साहेबांनी उभं तारुण्य त्यात घातलं होतं.

"अहो, आज डायरेक्टरांना पसंत पडलं तर हे धूड ऑफिसात जाईल," बायकोनं बजावलं. "नाहीतर उद्या भंगारवाला! मी त्याला सांगून ठेवलंय."

साहेब हसले. या यंत्राला आकडे द्यायचे ते जाड कार्डांना भोकं पाडून. कुठे भोक आहे त्यावरून ते आकडा ओळखायचं. कार्डांचा गठ्ठा टेबलावर तयार ठेवून साहेब डायरेक्टरांना आणायला गेले.

डायरेक्टर आले ते संध्याकाळी, कुडकुडतच. "हं, दाखवा!"

कार्डं आत गेली. यंत्र घरघरलं, खडखडलं. उत्तर आलं: शून्य.

"गुणाकाराचं उत्तर शून्य?"

"नवीन माणसासमोर जरा बुजतंय, सर!" साहेबांना घाम फुटला. त्यांनी दुसरा गुणाकार घातला. शून्य! बेरीज घातली. शून्य! त्यांनी एक कार्ड ओढून उजेडात धरलं. त्यावर एकही भोक नव्हतं! प्रत्येक भोकावर टिकलीएवढा कागद, खळीनं नीट चिकटवलेला.

"आत्या!!!"

"ओरडतोस काय? सगळ्या कार्डांना कसर लागली होती! मोठ्या माणसांसमोर का असलं फाटकं ठेवायचं? एकेक भोक बुजवलं, वर इस्त्री फिरवली. दुपारभर पाठ टेकली नाही मी!"

साहेब मटकन खाली बसले. संपलं सगळं! त्यांना डोळ्यांपुढे भंगारवाल्याची हातगाडी दिसायला लागली.

"मंजूर!"

साहेबांनी दचकून वर पाहिलं. डायरेक्टरांनी बूट काढले होते, पाय व्हॉल्व्हसमोर पसरले होते आणि डोळे मिटले होते. "अहाहा! उद्याच माझ्या केबिनमध्ये हलवा."

"पण सर, गुणाकार..."

"गुणाकाराला कारकून आहेत हो! थंडीला कोण आहे?"

साहेबांना हसावं की रडावं कळेना. आत्यांनी मात्र भाच्याला कोपरानं ढोसलं.

"बघितलंस? भोकं बुजवली ना, म्हणून ऊब टिकली!"